युकुलेलेवर काळी चार

नेरूळहून एका वाचकभगिनींचं पत्र आलं आहे. वय 52, नोकरी ठाण्यात, रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा. लग्नाआधी गाणं शिकत होत्या, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या. पुढे संसार, नोकरी, मुलाचं शिक्षण यात ते सुटलं. मुलगा आता नोकरीसाठी बंगळुरूला असतो. कॉलेजात असताना त्याने हौसेने घेतलेलं युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) मे महिन्यात माळा आवरताना खाली आलं आणि बाई मोबाइलवर धडे बघून शिकू लागल्या. दोन महिन्यांत एक गाणं धड बसलेलं नाही. बोटं दुखतात, तारा रोज उतरतात, वाजवायला गेलं की गाता येत नाही आणि गायला गेलं की हात थांबतो. त्याहून वाईट म्हणजे वाद्याबरोबर गाताना आवाज चिरकतो, ‘होतं तेवढं गाणंही गेलं’ असं वाटतं. (‘पूर्वी मी काळी चारमध्ये गात असे,’ हे कंसात.) यजमान त्याला खेळणं म्हणतात. भजनी मंडळातल्या ज्येष्ठ ताईंनी ‘त्याने कान बिघडेल’ असं बजावलंय. जवळच्या क्लासात सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. त्यात सोसायटीच्या कमिटीने गणपतीतल्या कार्यक्रमात नाव टाकून ठेवलंय. बाई विचारतात: हे सोडून पुन्हा गाणं शिकू, की गाण्याचा नाद सोडून यावरच लक्ष देऊ? की सरळ पेटी घेऊ?

ताई,

तुम्ही कंसात टाकलेलं ते वाक्य पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आधी त्याबद्दल बोलू, कारण आवाज गेल्याची भीती बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी बसली आहे.

नवशिक्यांसाठीचे बहुतेक धडे सी मध्ये असतात. सी म्हणजे आपली पांढरी एक, पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. तुमची काळी चार म्हणजे त्यातली चौथी काळी. युकुलेलेवर सी ही कॉर्ड (एकदम छेडायचा सुरांचा समूह) एका बोटात वाजते, सर्वांत खालच्या तारेवर तिसरा पडदा (मानेवरची आडवी धातूची काडी) दाबला की झालं, म्हणून शिकवणारे तिथून सुरुवात करतात. त्यात शिकवणाऱ्याची सोय आहे. गाणाऱ्याच्या गळ्याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. आता काळी चारपासून पांढरी एकपर्यंत मोजा: चार पट्ट्या वर. तुमच्या गळ्याला जिथे तार गंधार लावायची सवय, तिथे आता तार षड्जच येऊन बसला, आणि अंतरा त्याच्याही वर चढवायचा! पंचवीसेक वर्षं रियाज नसलेला गळा तिथे चिरकला तर नवल काय? रोज तानपुऱ्यावर बसणाऱ्या बाईला चार पट्ट्या वर गा म्हटलं तर तीही हात जोडेल.

तेव्हा आवाज गेला हा निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा. पेटीवर असा प्रसंग तुमच्यावर आला नसता, कारण तिथे वाजवणारा पहिल्यांदा विचारतो, ‘ताई, पट्टी कुठली?’ मोबाइलमधला मुलगा ते विचारत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. वाद्यांच्या दुकानात कॅपो नावाचा चिमटा मिळतो. तो वाद्याच्या मानेवर ज्या पडद्यावर लावाल, तेवढ्या पट्ट्या चारही तारा एकदम वर चढतात आणि बोटांच्या जागा मात्र त्याच राहतात. तुम्ही सी सोडा आणि जी हे घर धरा. जी म्हणजे पांढरी पाच. पहिल्या पडद्यावर कॅपो लावलात की तीच बोटं काळी चारमध्ये बोलू लागतात. तिसऱ्या पडद्यावर लावलात तर काळी पाच. वयानुसार आवाज थोडा उतरला असेल, तसा तो बहुतेकांचा उतरतो, तर कॅपो काढून पांढरी पाचमध्ये गा.

या घरात तीन कॉर्ड पुरतात. वाद्य हातात धरल्यावर हनुवटीच्या बाजूने तारा मोजू. जी: दुसऱ्या तारेवर दुसरा पडदा, तिसऱ्या तारेवर तिसरा, चौथ्या तारेवर दुसरा, पहिली तार सुटी. ही तुमची षड्जाची कॉर्ड, हिच्यात सा, ग, प आहेत. सी, ती एका बोटाची, इथे मध्यमाची कॉर्ड होते: म, ध, सा. आणि डी सेव्हन: पहिल्या आणि तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा, बाकी दोन सुट्या. ही पंचमाकडची. धड्यात डी सेव्हनचा चार बोटं लागणारा अवघड आकार दाखवला असेल तर तिकडे बघू नका, दोन बोटांत काम भागतं. कॅपो लावला असेल तेव्हा पडदे कॅपोपासून मोजायचे.

आता ‘वाजवलं की गाता येत नाही’ याकडे येते. तुम्ही धड्यातला हात, म्हणजे तारा छेडायची चाल, कसा पाठ करताय ते पत्रात लिहिलंय: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. शब्दांत पाठ केलंत तर ते दोन महिन्यांत बसणार नाहीच, कारण मध्ये कुठे थांबायचं ते शब्द सांगत नाहीत. तुम्हाला केरवा ताल येतो ना? आठ मात्रा हातावर धरा. विषम मात्रांना हात खाली जातो, तालातल्या ‘खाली’च्या अर्थाने नव्हे, नुसता खाली. आणि सम संख्येच्या मात्रांना वर येतो. हात अखंड हलता ठेवायचा. फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तो तारांना न लागता हवेतून जातो. पहिलीला खाली, दुसरी रिकामी, तिसरी-चौथीला खाली-वर, पाचवी रिकामी, सहावीला वर, सातवी-आठवीला खाली-वर. पाचवी मात्रा रिकामी! केरव्याची खाली (टाळीविना सोडायची मात्रा) जिथे असते, तिथेच. युकुलेलेवरच्या या प्रसिद्ध हाताला आपली खाली कुणी शिकवली नसणार, योगायोगच आहे, पण तुमच्या तो कामाचा आहे. टाळी-खाली ज्याच्या अंगात भिनलीय त्याला हा हात एका संध्याकाळी सापडतो. नेरूळ ते ठाणे बसायला जागा मिळाली तर मांडीवर पर्सच्या आड करून बघा, वाद्याची गरजही नाही.

हात आपोआप चालू लागला की मगच तोंड उघडायचं, आणि तेही पायरीने. एकच जी कॉर्ड धरून ठेवा, बदलू नका, आणि मंडळात रोज म्हणता तो एखादा गजर आधी नुसता तालात बोला, मग गा. एका कॉर्डवर अख्खा गजर कंटाळवाणा वाटेल. वाटू दे. कान स्वतःहून सांगू लागेल की इथे काहीतरी बदलायला हवं. जिथे सांगेल तिथे डी सेव्हन लावून बघा, नाही पटलं तर सी. तुमच्याकडे तयार कान आहे, धड्यातल्या मुलांकडे तो नाही, म्हणून त्यांना कागदावर कॉर्ड लिहून द्याव्या लागतात.

यातून माझा मूळ मुद्दा निघतो. तुम्ही युकुलेले मुख्य वाद्य म्हणून शिकायला बसलात, गाण्याचे सूर एकेक करून तारांवर काढायला गेलात, जसे पेटीवर काढतो. ते चुकीचं नाही, पण युकुलेलेचा पिंड साथीचा आहे. आणि ज्याची साथ करायची तो कलाकार तुमच्या घरातच बसलाय. ‘गाणं की युकुलेले’ हा पेच म्हणूनच मला पटत नाही. पंचवीस वर्षं तुमच्या गाण्याला साथीदार नव्हता. तबलजी बोलवायचा, पेटीवाला शोधायचा, जागा, वेळ. नोकरी करणाऱ्या बाईने हे कधी करायचं? आता दीडदोन फुटांचा एक साथीदार कपाटाशेजारी उभा आहे.

मंडळातल्या ताईंचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे. युकुलेलेचे पडदे पक्के असतात, त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळजवळ नाही. नायलॉनच्या तारांचा आवाज लगेच विरतो. खर्ज तर नाहीच. सर्वांत खालचा सूर मधल्या सप्तकातला पांढरी एक, त्याच्याखाली वाद्य संपलं. त्यामुळे त्यावर मारव्यासारखा राग गाऊ नका. तुम्हालाही वाईट वाटेल आणि मारव्यालाही. पण ताईंना एवढं जरूर विचारा की मंडळात पेटी आहे ना? तिचेही सूर असेच पक्के, तिच्यातही मींड नाही आणि तीही युरोपातूनच आली. नेमक्या याच कारणांसाठी आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ती शिथिल व्हायला 1971 उजाडलं. दरम्यान आपल्या नाट्यसंगीताने आणि कीर्तनाने पेटी सोडली नाही, आणि कुणाचे कान बिघडल्याचं ऐकिवात नाही. भावगीत, गजर, साधा अभंग, जुनं सिनेमाचं गाणं यांना युकुलेले छान बसतं. राग गायचा असेल तेव्हा मोबाइलवर तानपुरा लावा.

किंवा एक गंमत करून बघा. जी कॉर्डमधलं चौथ्या तारेवरचं बोट उचला आणि ती तार छेडूच नका. राहिल्या वरच्या तीन तारा: सा, प, सा. गंधार गेला. अंगठ्याने एकेक तार सावकाश छेडत भूप रागातली एखादी बंदिश गुणगुणा. तानपुऱ्याची गाज त्यात येणार नाही, तार लवकर विरते म्हणून सतत छेडत राहावं लागेल, पण सूर धरून ठेवायला पुरेल. भूपाचंच म्हणत असाल तर, कॅपो काढून चारही सुट्या तारा एकामागून एक छेडा. पांढरी एक षड्ज धरली तर त्या प, सा, ग, ध अशा बोलतात. पाचातले चार सूर सुट्या तारांतच आहेत. राहिलेला रे दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर मिळेल. इथे एक लक्षात ठेवा, कारण सतारी-पेटीच्या हिशेबाने गोंधळ होतो: वरची पहिली तार सर्वांत खालच्या सुराची नाही. खालचा सूर दुसऱ्या तारेचा. तुम्ही लिहिलंय, ‘पहिली तार मला नेहमी चुकीची लागल्यासारखी वाटते.’ ती बरोबर आहे.

यजमानांच्या ‘खेळण्या’बद्दल थोडंसं. 1879 साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांत मजुरी करायला हवाईला गेली, त्यांच्यासोबत गावाकडचं चार तारांचं छोटं वाद्य गेलं. त्यांच्यातल्या काही सुतारांनी होनोलुलूत तशी वाद्यं करून विकायला सुरुवात केली, तिथल्या राजाला, कालाकाउआला, ते एवढं आवडलं की दरबारात वाजू लागलं. म्हणजे वाद्याच्या खानदानाबद्दल शंका नको. पण मला वाटतं यजमानांचा आक्षेप खानदानाबद्दल नसावा. पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, त्यावरून मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन महिने तेच तेच चार सूर, तेही बेसूर झालेल्या तारांवर, हॉलमध्ये बसून ऐकणाऱ्या माणसाला तेवढं म्हणायचा हक्क आहे. पुढच्या वेळी टाळ त्यांच्या हातात द्या. मुलाचं वाद्य वापरतेय म्हणून तुम्हाला जी टोचणी लागलीय, ती मात्र आज रात्रीच्या फोनवर संपवून टाका. मुलगा घराबाहेर गेला आणि आई त्याचं वाद्य वाजवते यात अर्थ शोधणारे पुष्कळ भेटतील, मला त्यात पडायचं नाही.

तारांचं ऐका. कितीतरी वर्षं माळ्यावर पडलेल्या तारा आहेत त्या. बदला. नव्या तारा लावल्यावर पहिले काही दिवस त्या सारख्या उतरतील, कारण नायलॉन ताणलं जात असतं. ते वाद्याचं दुखणं नव्हे. रोज बसायच्या आधी मिळवून घ्यायचं. मोबाइलवरच्या ट्यूनरने मिळवा, मग स्वतःच्या कानाने पडताळा. नव्या तारा स्थिरावल्या की एक परीक्षा घ्या: तार सुटी छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. बरोबर एक सप्तक वरचा तोच सूर यायला हवा. चारही तारांवर तो स्पष्ट हलत असेल तर तुमचे दोन महिने बिघडलेल्या वाद्याशी झटण्यात गेले आणि मग नवीन घेण्यात शहाणपण आहे.

नवीन घ्यायचंच झालं, आणि हे इतर वाचकांसाठीही, तर 21 इंची सोप्रानोऐवजी 23 इंची कॉन्सर्ट बघा. पडद्यांमध्ये थोडी जास्त जागा असते, मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढत नाहीत. 26 इंची टेनोरही चालेल. त्याहून मोठं बॅरिटोन घेऊ नका, ते वेगळ्या सुरांत मिळवतात, वर सांगितलेली बोटं तिथे वेगळे सूर देतील. आपल्याकडे खाडीची दमट हवा, जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेही ओलसर लागतात. अशा हवेत अस्सल लाकडापेक्षा प्लाय चिकटवलेलं लॅमिनेटचं वाद्य कमी रुसतं. स्वस्तही पडतं.

बोटांच्या टोकांना दुखणं ठीक आहे, काही आठवड्यांत कमी होतं. तुम्ही बहुधा गरजेपेक्षा जास्त जोर लावताय. पडद्याच्या अगदी मागे, त्याला लागून बोट ठेवलं तर हलक्या दाबाने सूर स्वच्छ येतो. मधोमध ठेवलं तर जोर लागतो आणि तार भणभणते. डाव्या हाताची नखं कापा. अंगठ्याने मान आवळून धरायची सवय लागली असेल तर गळ्यात अडकवायचा पट्टा घ्या, म्हणजे वाद्य पडेल ही भीती जाते आणि हात मोकळा होतो. पण मनगट दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर ती वेगळी गोष्ट आहे, तेव्हा वाद्य खाली ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

क्लासबद्दल. लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटते असं तुम्ही म्हणता, पण मला त्यातली खरी अडचण वेगळी दिसते. तिथे सगळे सी मध्ये गाणार, मुलांची गाणी गाणार, आणि तुमची पट्टी पुन्हा कोपऱ्यात जाणार. त्यापेक्षा वाशी-ठाण्यात गिटार शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यातले बरेच युकुलेलेही शिकवतात. आठवड्याला एक तास स्वतंत्र मागा. फी ठरवायच्या आधी एवढंच विचारा: ‘मला काळी चारमध्ये गायचंय, साथ शिकवाल का?’ ज्याला हा प्रश्न कळला तो तुमचा शिक्षक. ‘आधी बेसिक होऊ दे, गाण्याचं मग बघू’ म्हणणाऱ्याकडे मुलाला पाठवायला हरकत नाही, तुम्ही जाऊ नका. गाणंही पुन्हा शिकावंसं वाटत असेल तर जरूर, वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळ आहे, चौकशी करा. पण परीक्षेचा फॉर्म लगेच भरू नका. तुमच्या पत्रात ‘येत नाही’ हा शब्द इतक्यांदा आलाय की तुम्हाला सध्या परीक्षक नकोत. ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे संगीत समारोह होतो, नुसतं ऐकायला जा.

पेटी घेऊ का, याचं उत्तर मी आज हो किंवा नाही असं देणार नाही. पेटी तुम्हाला चटकन येईल हे खरं. पण ती काढायची, मांडायची, समोर बसायचं. तुमच्या दिवसाचं वर्णन वाचलं: सव्वासातला घरी, मग स्वयंपाक, मग डबे. त्यात जे वाद्य कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतच्या दहा मिनिटांत उचलता येतं, ते वाजेल. दिवाळीपर्यंत काळी चारमध्ये गाऊन बघा. तरीही मन पेटीकडेच ओढत असेल तर खुशाल घ्या.

राहिला गणपतीतला कार्यक्रम. या वर्षी नाही म्हणा. कमिटीवाल्यांना वाईट वाटेल, पण ते एका दिवसाचं. नाव टाकायच्या आधी त्यांनी तुम्हाला विचारलंही नव्हतं. अगदीच सुटका नसेल तर नुसतं गा, साथीला मंडळातली पेटी घ्या, आणि तबलजी आधी भेटणार असेल तर त्याला पट्टी सांगून ठेवा. युकुलेलेचं पहिलं जाहीर वाजवणं आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या वेळी, पाचसहा बायकांत झालेलं बरं, जिथे मध्येच थांबलात तरी गजर दुसरं कुणी उचलून धरतं.

कॅपो घ्यायला जाल तेव्हा युकुलेले सोबत न्या. गिटारचा कॅपोही लागतो, पण तो जड असतो आणि छोट्या मानेवर डाव्या हाताला अडतो. दुकानातच पहिल्या पडद्यावर लावून चारही तारा छेडून बघा, एखादी भणभणत असेल तर तो परत द्या आणि दुसरा मागा.